कोरडा राहिलेला हात

एका नदीकाठच्या गावात एक मापाडी राहत असे, आणि त्याच्या उजव्या हातावर गावातल्या कोणाचाच विश्वास नव्हता. त्याचे नाव गेणू. आठवडेबाजारात व्यापाऱ्यांसाठी धान्य तोलून घ्यायचे, हे त्याचे काम. तोलताना तो उजव्या हाताची करंगळी वजनाच्या पारड्याच्या काठाला अलगद टेकवी. ती कोणाला दिसत नसे. पण शेतकरी घरून जेवढे धान्य मोजून आणी, तेवढे गेणूच्या तराजूत कधीच भरत नसे. बाजारात दुसरा मापाडी नव्हता, म्हणून तोंडावर कोणी काही बोलत नसे. पाठीमागे मात्र म्हणत, "गेणूचा डावा हात माणसाचा आहे, उजवा व्यापाऱ्याचा."

एकदा एक म्हातारी थोडीशी बाजरी विकायला घेऊन आली. तिची नजर जवळजवळ गेली होती. गेणूने बाजरी तोलली. सवयीने करंगळी पारड्याला लागली. तोलून झाल्यावर म्हातारीने चाचपत त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि ती म्हणाली, "मला काटा दिसत नाही बाबा. तुझ्या हातावरच माझा भरवसा."

ती निघून गेली. गेणूने तराजू पुन्हा उचलला, तेव्हा तो खरखरीत तळवा अजून आपल्या हातावरच आहे असे त्याला वाटले. दुसऱ्या बाजारी वाटले, तिसऱ्या बाजारीही वाटले. अखेर एके दिवशी त्याने तराजू खाली ठेवला तो कायमचा. त्याचा भाऊ त्याच्याबरोबरच काम करी. तो संतापला. "तू साव झालास, आम्ही काय खायचं?" असे म्हणून त्याने घराचे दार लावून घेतले. गेणू वीटभट्टीवर चिखल तुडवायला जाऊ लागला. आणि दर रविवारी गावातल्या ख्रिस्ती मंदिराच्या शेवटच्या बाकावर येऊन बसू लागला.

गावात ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते एलिया. वय झालेले, आवाज मात्र खणखणीत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांत प्रमुख होते शांतवनराव. आणि मंडळीचे धान्य सांभाळी रिबकाबाई. त्या गावात अशी रीत होती, की घरची बाई स्वयंपाकाला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी. रविवारी ते मंदिरात आणून कणगीत ओती. ज्यांना कमावते कोणी उरले नाही त्यांच्या घरी ते जाई. कणगीच्या खोलीची किल्ली वर्षानुवर्षे दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. गेणू पहिल्या रविवारी मंदिरात आला, त्या दिवशी रिबकाबाईने ती किल्ली खिळ्यावरून काढली आणि आपल्या कमरेला खोचली.

"मापाडी आहे. धान्याच्या वासानं आलाय," ती शेजारणीला म्हणाली.

शेजारीण म्हणाली, "पण तो तर डोळे मिटून प्रार्थना करतोय गं."

"डोळे मिटून मापायची सवयच आहे त्याला."

शांतवनराव फक्त पाहत राहिले. फार वर्षांपूर्वी एका दुष्काळी साली त्यांनी आपली सगळी ज्वारी बाजारात नेली होती, आणि गेणूने ती तोलली होती. घरी आणलेले पैसे पुरले नाहीत. त्याच साली त्यांची धाकटी मुलगी एस्तेर तापाने गेली. ज्वारी कमी भरली म्हणून ती गेली, असे नव्हते. वैद्याने तसे सांगितले होते, आणि शांतवनरावांना ते कळतही होते. पण त्यांच्या मनात ही दोन दुःखे एकाच गाठोड्यात बांधलेली होती, आणि ती गाठ त्यांनी कधी सोडून पाहिली नव्हती.

काही महिन्यांनी गेणूने पाळकांना सांगितले, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

मंडळीत कुजबुज सुरू झाली. ह्याला काय हवे आहे? घर गेले म्हणून आसरा? धान्य मोजण्याचे काम? पंचांचे मत पडले की माणूस आधी पारखून घ्यावा. रिबकाबाईने पारख केलीसुद्धा. एका रविवारी तिने कणगीच्या खोलीचे दार मुद्दाम उघडे टाकले आणि ती मंदिरापुढच्या चिंचेआड उभी राहिली. गेणू तिथून गेला. उघडे दार पाहून थांबला. आत न डोकावता त्याने दार ओढून घेतले, आणि कोणी येईपर्यंत उंबऱ्यावर राखण करीत बसला.

रिबकाबाईने हे पंचांना सांगितले. पंच म्हणाले, "बरं मग?"

"मग काय? मुरलेला आहे. पहिल्या फेरीला कोण हात मारतो?"

तो आत गेला असता तर चोर ठरला असता. दार लावून घेतले, तर पक्का चोर ठरला. संशयाचा तराजू असाच असतो. त्यात काहीही टाकले तरी पारडे एकाच बाजूला झुकते.

पाळक मात्र गेणूला शिकवीत राहिले. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाला ते जे सांगत, तेच त्यांनी त्यालाही सांगितले. एका संध्याकाळी गेणूने विचारले, "पाळकबाबा, माझ्यासारख्याला किती वेळ पाण्यात ठेवावं लागंल?"

बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "तुला भिजत घालायला लागंल रे, हरभऱ्यासारखं."

पाळक हसले नाहीत. ते म्हणाले, "वेळेचा प्रश्न नाही. पुरतं जायचं. केसाचं टोकही वर राहता कामा नये. जे बुडेल ते मरेल, आणि जे मरेल तेच नवं होऊन उठेल."

हे वाक्य ते आयुष्यभर सांगत आले होते. मंडळीतल्या लहानथोरांना ते पाठ होते.

अखेर दिवस ठरला. गावाच्या वरच्या अंगाला नदीत एक डोह होता. काठाला दगडी पायऱ्या होत्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या. मंडळी काठावर उभी राहून गीत गात होती. शांतवनराव सर्वांत पुढे उभे होते. बाप्तिस्मा घेऊन वर आलेल्या माणसाला प्रमुख पंचाने आपला उजवा हात द्यायचा, अशी तिथली चाल होती. तो हात मिळाला की माणूस मंडळीचा झाला. मग तो सर्वांबरोबर प्रभूच्या मेजाशी भाकरी व द्राक्षरस घ्यायला बसे.

पाळक पांढरा झगा घालून कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. त्यांची पाठ काठाकडे होती. गेणू त्यांच्यासमोर गेला. त्याने दोन्ही हात छातीवर घेतले. पाळकांनी एक हात त्याच्या मानेखाली घातला, पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे नाव घेतले आणि त्याला मागे झुकवले.

आणि काठावरच्या सगळ्यांनी पाहिले. गेणूचे डोके पाण्याखाली गेले. छाती गेली. पण उजवा हात गेला नाही. तो वर उसळला, पाळकांच्या काखेपाशी झग्याला घट्ट धरून राहिला, आणि सारा देह पाण्याखाली असेपर्यंत तसाच वर राहिला.

गीत मध्येच थांबले.

गेणू वर आला. पाणी निथळत पायऱ्या चढला. अंगावरचा सदरा चिंब होता. फक्त उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत कोरडी होती. तो शांतवनरावांपुढे उभा राहिला. शांतवनरावांनी त्या बाहीकडे पाहिले आणि आपला हात मागे घेतला.

"हा हात कोरडा आहे," ते म्हणाले.

गेणूने एकदा वळून पाण्यातल्या पाळकांकडे पाहिले. पाळक अजून तिथेच उभे होते. त्यांची पाठ अजून काठाकडेच होती. सगळे ते काय बोलतात याची वाट पाहत होते.

"गारठा आहे," पाळक म्हणाले. "मंदिरात चला सगळे."

त्या दिवशी गेणू मेजाशी बसला नाही. उपासना सुटल्यावर चिंचेखाली एकच विषय होता. ह्याने सगळे अंग बुडवले आणि तेवढा हात मागे ठेवला! जो हात मरायला हवा होता, तोच जिवंत ठेवला. म्हणजे उद्या पुन्हा तराजू धरायला मोकळा.

रिबकाबाईने त्याला वाटेत गाठलेच. "काय रे गेणू, हात वाळत घातला होतास काय?"

गेणू म्हणाला, "सलाम, बाई," आणि पुढे गेला.

"बघा! उत्तर आहे का तोंडात?" ती बाकीच्यांना म्हणाली. "खरा असता तर बोलला नसता का?"

पंच बसले आणि त्यांनी ठरवले, की पुढच्या रविवारी गेणूला सर्वांदेखत पुन्हा बुडवावे. या वेळी हातासकट. तो तयार झाला नाही, तर त्याने मंदिराची पायरी चढू नये. त्यांनी पाळकांना विचारले. पाळकांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे कोणी नीट पाहिले नाही. सगळ्यांनी हो धरले.

काठावरच्या लोकांना जे दिसले नव्हते, ते असे होते.

गेणूला मागे झुकवताना पाळकांचा पाय तळाच्या शेवाळावरून सटकला होता. ते पाण्यात तोंडावर जाणार, एवढ्यात गेणूचा हात वर आला आणि त्याने त्यांना काखेत धरले. गेणूला तिथेच उभे राहता आले असते. पण तो उभा राहिला असता, तर म्हातारे पाळक आपल्या मंडळीदेखत कोलमडलेले सगळ्यांनी पाहिले असते. तो उभा राहिला नाही. डाव्या हाताने तळाचा खडक धरून तो पाण्याखाली गेला, आणि खालून एका हाताने त्याने पाळकांना उभे ठेवले. त्यांचा पाय पुन्हा टेकला, तेव्हाच तो वर आला.

पाळकांना हे सगळे ठाऊक होते. मग ते बोलले का नाहीत?

मागच्या पावसाळ्यात ते मंदिरातच एकदा पडले होते. तेव्हा पंचांनी सगळ्यांदेखत मऊ शब्दांत सांगितले होते, की आता पाय साथ देत नसतील तर नवा पाळक बोलवावा लागेल, आणि मग त्याला राहायला घर लागेल. घर एकच होते, मंदिरालगतचे. त्या घराच्या मागच्या खिडकीतून दफनभूमी दिसे, आणि तिच्या अलीकडच्या कोपऱ्यात पाळकांच्या पत्नीची कबर. सकाळी खिडकी उघडली की ते आधी तिकडे पाहत. तेव्हा ते काही फार बोलत नसत. नुसते पाहत, आणि मग चूल पेटवीत. ती खिडकी सोडून दुसऱ्या गावी जायचे, हे त्यांना विचारातही सोसत नव्हते.

म्हणून ते गप्प बसले. आणि गप्प बसलेल्या माणसाला जे होते, ते त्यांनाही झाले. त्यांच्या मनात संशय शिरला. हा गेणू बोलत का नाही? एका शब्दात सुटू शकतो, तरी शिव्या खातो आहे. काहीतरी हिशेब असणार. उद्या येऊन म्हणेल, मी तुमची लाज झाकली, आता तुम्ही माझे हे काम करा. मापाडीच तो. फुकट काही तोलून देणारा नव्हे.

हे मनात घोळवीत एके दुपारी पाळक वीटभट्टीवर गेले. गेणू गुडघाभर चिखलात उभा होता.

"सलाम, पाळकबाबा. एवढ्या उन्हात कशाला आलात?"

पाळकांनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतले. मग विचारले, "गेणू, तुला माझ्याकडून काय हवंय?"

"काय हवं असणार?"

"तू गप्प आहेस. कशासाठी?"

गेणूला आधी प्रश्नच कळला नाही. कळला, तेव्हा त्याला जे वाईट वाटले ते त्याच्या तोंडावर दिसले. त्याने हातावरचा चिखल निपटला.

"पाळकबाबा, जन्मभर हा हात मी दाबायलाच वापरला. त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी वर धरलं. आता तेपण बाजारात मांडून त्याचा भाव घेऊ का?"

पाळकांनी मान खाली घातली. गेणूच पुढे म्हणाला, "येत्या रविवारी पुन्हा बुडवा मला. माझं काय जातंय? पाण्याला मी भीत नाही. पंचांचं समाधान होईल, तुमचं घर राहील."

"तसं नसतं गेणू. बाप्तिस्मा एकदाच होतो. माणूस एकदाच मरतो."

"मग मागल्या रविवारी मी मेलो का नाही?" गेणूने विचारले. "तेवढं सांगा. भावाच्या घरी मला जागा नाही, बाजारात नाही. तुमच्यात आहे का नाही, ते मला कळू द्या."

पाळकांना उत्तर माहीत होते. पण ते दिले असते, तर भट्टीवरून थेट पंचांकडेच जावे लागले असते. ते "बघू" म्हणाले आणि घरी परतले.

रविवार आला. या वेळी काठावर मंडळीहून जास्त माणसे होती. बाजारातले लोकही तमाशा पाहायला आले होते. कोणी ओरडले, "नीट बुडवा हो! करंगळी आधी!" हशा पिकला. गेणूचा भाऊही लांबवर उभा होता. शांतवनरावांनी गेणूला उजवी बाही खांद्यापर्यंत दुमडायला सांगितली, म्हणजे सगळ्यांना हात दिसेल. गेणूने मुकाट्याने बाही दुमडली.

पाळक पायऱ्या उतरू लागले. दुसऱ्याच पायरीवर ते अडखळले, आणि गेणूने न बोलता त्यांच्या कोपराला आधार दिला. दोघे पाण्यात जाऊन उभे राहिले. गेणूने हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले.

पाळकांनी एक हात वर केला. आता फक्त नाव घ्यायचे आणि त्याला झुकवायचे. पुढच्या क्षणी सगळे मिटले असते. पंच खूश झाले असते, घर राहिले असते, गेणूही मंडळीत आला असता. फक्त एक खोटे पाण्याखाली पुरले गेले असते, आणि तेही देवाच्या नावाने.

पाळकांनी हात खाली घेतला. ते वळले. पहिल्यांदाच त्यांनी पाण्यात उभे राहून काठाकडे तोंड केले.

"हा हात मला बुडवता येत नाही," ते म्हणाले.

"का?" शांतवनरावांनी विचारले.

"कारण मागल्या रविवारी तो माझ्या काखेत होता. माझा पाय सटकला होता. मी तोंडावर जात होतो. ह्यानं मला धरलं. स्वतः पाण्याखाली राहून धरलं. हा उभा राहिला असता तर मी पडलेला तुम्हांला दिसलो असतो, म्हणून हा उभा राहिला नाही. आणि मी सबंध आठवडा गप्प बसलो, घर जाईल म्हणून."

"अगं बाई," एवढेच रिबकाबाईच्या तोंडून गेले. गेणूने डोळे उघडले आणि तो हळूच म्हणाला, "कशाला हो पाळकबाबा?"

मागून एकाने विचारले, "पण मग त्याचा बाप्तिस्मा झाला का नाही झाला? हात तर कोरडाच होता. तुम्हीच शिकवलंत, केसाचं टोकही वर राहता कामा नये."

"मीच शिकवलं," पाळक म्हणाले. "चूक तुमची नाही, माझी आहे. मी तुम्हांला पाण्याची खोली शिकवत बसलो. पाण्यानंच माणूस शुद्ध होत असता, तर ह्या डोहातले मासे आपल्या सगळ्यांपेक्षा पवित्र असते. हे पाणी म्हणजे कबर आहे. ख्रिस्त आपल्यासाठी मेला, पुरला गेला आणि उठला. त्याच्याबरोबर आपणही जुना माणूस इथं पुरायचा आणि त्याच्या जिवावर नवा उठायचा. पाणी ही त्याची खूण. आता मला सांगा, बुडणाऱ्या माणसाचा हात आधी कोणासाठी धावतो?"

मग पाळकांनीच उत्तर दिले.

"स्वतःसाठी धावतो. ह्याचा दुसऱ्यासाठी धावला. जुना गेणू त्या घटकेला जिवंत असता, तर मी आज तुमच्यापुढे उभा नसतो. तो मेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तुमच्यापासून लपवलं."

शांतवनरावांचा चेहरा बदलला नव्हता. इतक्या वर्षांचा संशय एका बोलण्याने उतरत नाही. त्यांनी गेणूला विचारले, "तू का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुम्ही मानलं असतं, दादा?"

शांतवनरावांनी खरेच विचार केला. मग म्हणाले, "नसतं मानलं."

मग जे त्यांनी कधी कोणापुढे काढले नव्हते, ते त्यांनी काढले. "दुष्काळाच्या सालात माझी ज्वारी तू तोलली होतीस."

"तोलली होती. करंगळी लावली होती."

"माझी एस्तेर त्याच साली गेली."

"ठाऊक आहे मला. तिला माती देत होते तेव्हा मी कुंपणाबाहेर उभा होतो. आत यायचं धाडस झालं नाही."

शांतवनरावांनी नदीकडे पाहिले. इकडे गार पाण्यात उभे राहून पाळकांचे पाय लटपटू लागले होते. ते परतायला वळले आणि पुन्हा झोकांडले. गेणूने त्यांना एका बाजूने सावरले. दुसरी बाजू मोकळीच होती.

शांतवनरावांनी चपला काढल्या. इस्त्रीच्या धोतरासकट ते पायऱ्या उतरले, पाण्यात गेले आणि त्यांनी पाळकांचा दुसरा दंड धरला. तिघे मिळून हळूहळू वर आले.

कोणीतरी दबक्या आवाजात म्हटले, "आता नवा पाळक आणावा लागणार."

रिबकाबाई एकदम उसळली. "कशाला? पाय म्हातारे झालेत त्यांचे, जीभ नाही झाली. पाण्यात धरायला दोन माणसं द्या, झालं. आता धडधाकट पायाचा खोटा आणून काय लोणचं घालायचंय?"

पाळकांचे घर त्यानंतर कोणी मागितले नाही.

काठावर गेणू आणि शांतवनराव समोरासमोर उभे होते. दोघेही निथळत होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. शांतवनरावांनी आपला उजवा हात पुढे केला. गेणूचा हात मात्र वर उठेना.

"माझ्या मनातून सगळं गेलेलं नाही," शांतवनराव म्हणाले.

"असू द्या, दादा."

"तरी हात घे."

गेणूने हात घेतला.

तात्पर्य: बाप्तिस्म्याचे पाणी म्हणजे चांगल्या वागणुकीचा दाखला नव्हे, ती जुन्या जिण्याची कबर आहे, तिच्यातून नवा माणूस उठला की नाही, हे अंग किती भिजले यावरून नव्हे, तर त्याचा हात कोणासाठी पुढे होतो यावरून ओळखावे, आणि जो एकदा पुरला गेला त्याला काठावरच्यांनी संशयाने पुन्हा उकरून काढू नये.